हौदाचा काठ

आमच्या मोहल्ल्यातल्या मशिदीचा हौद जुना, दगडी. तीन वर्षांपूर्वी मे महिन्यात असरच्या वुजूला बसताना अब्बा त्याच्या काठावर घसरले आणि मनगट मोडलं. पाणी तळ दिसेल इतकं नितळ होतं. तरी दगडावरून बोट फिरवलं की भिजवलेल्या सब्जासारखा चिकटा हाताला यायचा.

रागाच्या भरात मी मुअज्जिन साहेबांना चारचौघांत बोललो. ते एवढंच म्हणाले, "सर, रोज घिसता हूँ." माझा विश्वास बसला नाही. कमिटीकडे तक्रार केली. दोन महिन्यांनी ते नोकरी सोडून गावी गेले.

गेल्या वर्षी शाळेसाठी विज्ञानाचा थोडा मजकूर मराठीतून उर्दूत करत होतो. शेवाळ म्हणजे 'काई', इथवर सोपं होतं. पण तो बुळबुळीत थर म्हणजे बराचसा शेवाळानं बाहेर टाकलेल्या शर्करा, हे मला तेव्हा कळलं. गोड नव्हे, शर्करांच्या रेणूंच्या लांबच लांब साखळ्या, डिंकासारख्या. रमजानच्या शरबतात सब्जा फुगतो तोही अशाच साखळ्यांमुळे.

ऊन मिळालं की शेवाळ साखर बनवतंच. पण नवी पेशी उभी करायला नत्र आणि स्फुरद लागतं. खताच्या गोणीवर असतात तीच नावं. पाण्यात ती नसली की वाढ अडते, साखर मात्र बनत राहते. मग जास्तीची साखर पेशीबाहेर पडते. घाण पाण्यात शेवाळ माजतं हे आपण जाणतोच. उपाशी पाण्यात शेवाळ थोडं असूनही चिकटा भरपूर असू शकतो, हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर २००४ साली 'डिडिमो' नावाचं शेवाळ सापडलं. स्वच्छ, थंड नद्यांतले दगड त्याच्या जाड थरांनी झाकून गेले. लोक त्याला खडकाचा शेंबूड म्हणू लागले. पाण्यात स्फुरद अगदी कमी असलं की ते शेवाळ शर्करांचे लांब देठ सोडतं आणि थर त्या देठांचाच असतो. म्हणजे नदी निर्मळ, म्हणूनच थर जाड!

आमच्या हौदात बोअरचं क्षाराचं पाणी. त्यातला कॅल्शियम अशा साखळ्यांना एकमेकींशी बांधतो, थर दगडाला आणखी घट्ट धरतो. त्यात मुअज्जिन साहेब पाणी नितळ राहावं म्हणून हौदात तुरटी फिरवायचे. तुरटी गाळाबरोबर स्फुरदही खाली बसवते. म्हणजे ते घासतही होते आणि पाणी स्वच्छही ठेवत होते. उन्हाळ्याच्या उन्हात थर पुन्हा धरायला मात्र फार वेळ लागत नाही.

अब्बांना हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मला सांगून काय उपयोग?"

मुअज्जिन साहेबांचा नंबर माझ्याकडे आहे. ईदला फोन केला. तब्येत विचारली, मुलांचं विचारलं. हौदाचं नाव काढलं नाही. मीही आणि त्यांनीही.