सक्तीचा आनंद

आमच्या ख्रिस्ती मंडळीत कुणाच्या घरी काही वाईट घडलं की पाळकसाहेबांच्या पाठोपाठ मी हजर असायचो. काखेत पवित्र शास्त्र आणि चेहऱ्यावर हसू. नगर जिल्ह्यातल्या मिशन कंपाउंडात वाढलो, रेव्हरंड नारायण वामन टिळकांची पदं पाळण्यातच कानावर पडली. पुढे पेटी शिकलो, गायनवर्ग हाती आला आणि लोकांना आनंदात ठेवणं हेही आपलंच काम, असं मी ठरवून टाकलं. ते काम मला कुणी दिलं नव्हतं.

आमच्याकडे आनंदाची एक रीत होती. भक्ती सुटल्यावर दारात हात मिळवायचा, “सलाम, कसं काय?” “प्रभूच्या कृपेनं मजेत.” घरात भावाशी जमिनीच्या तुकड्यावरून वर्षानुवर्षं अबोला असला तरी दारात मजेत. साक्ष द्यायला उभं राहिलं की संपलेल्या दुःखाचीच सांगायची. कर्ज फिटलं, दुखणं बरं झालं, मुलगा दारूतून सुटला. मुलगा अजून पितोय, असं सांगून कुणी खाली बसल्याचं मला आठवत नाही. या रीतीचा मी सगळ्यात कडक पहारेकरी होतो.

गायनवर्गातल्या एका ताईंचा तरुण मुलगा रस्त्यावरच्या अपघातात गेला. काही आठवड्यांनी त्या पुन्हा यायला लागल्या. आपल्या जागी उभ्या राहायच्या, ‘उपासना संगीत’ हे पदांचं पुस्तक उघडायच्या आणि तोंड मिटून ठेवायच्या. आवाज असा की बायकांची बाजू त्यांच्यावरच उभी असायची. आता खरं सांगायचं तर मला काळजी त्यांची नव्हती, नाताळच्या पदांची होती. एका रविवारी मी त्यांना बाजूला घेतलं आणि पौलाच्या फिलिप्पैकरांस पत्रातल्या चौथ्या अध्यायातलं, सर्वदा आनंद करायला सांगणारं ते वचन काढून दाखवलं. वर म्हणालो, “ताई, ही विनंती नाही, आज्ञा आहे.”

“बरं दादा,” एवढंच त्या म्हणाल्या. पुढच्या रविवारपासून त्या बायकांच्या बाजूला अगदी मागच्या बाकावर बसायला लागल्या. मी तिथंही थांबलो नाही. बुधवारच्या प्रार्थनासभेत ‘विश्वासात थंडावलेल्या एका बहिणीसाठी’ प्रार्थना करायची विनंती केली. नाव घेतलं नाही, हा माझा मोठेपणा. सभेत पंधरा-वीस माणसं, सगळ्यांना ती बहीण कोण ते कळलं.

माझी पाळी निवृत्तीनंतर आली. घडलं काहीच नव्हतं, आणि तेच मला समजेना. पेन्शन सुरू झालेली, मुलीचं लग्न नीट पार पडलेलं. तरी पहाटे तीनला जाग यायची ती छातीवर ओझं घेऊनच. अंघोळ नको वाटायची, जेवणाला चव नव्हती. भक्तीत बोटं सवयीनं पेटीवर फिरायची, पण आत काही हलायचं नाही. आणि मी तर आनंदाचा कारभारी! मग मला ठाऊक असलेले सगळे उपाय दामदुप्पट केले. उपास, पहाटेची प्रार्थना, जिथं मांडव पडेल तिथल्या संजीवन सभा. मांडवात ढोलकी आणि टाळ्यांच्या गजरात खरंच काहीतरी उसळून यायचं, डोळे भरायचे. एसटी स्टँडवर उतरेपर्यंत ते ओसरलेलं असायचं. म्हणून पुढची सभा.

मग वाटलं, एखादं पाप कबूल करायचं राहिलं असेल. वही केली. आठवून आठवून लिहू लागलो. पार शाळेत असताना विनातिकीट केलेल्या प्रवासापर्यंत गेलो. ती वही बायकोच्या हाती लागली. तिनं ती पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्या आवडीनं वाचली आणि म्हणाली, “यात माझ्याशी वागलात ते कुठंच नाही. आणि तुम्ही आजारी आहात. उद्या डॉक्टरकडे जाऊ.”

डॉक्टरांनी नैराश्य म्हणून सांगितलं, गोळ्या लिहून दिल्या. मी त्या पेटीच्या खोक्यात, झाकण्याच्या कापडाखाली ठेवायचो. मधुमेहाच्या गोळ्या मी चारचौघांत पाण्याबरोबर घेतो, पण या नाहीत. झोप लागायला लागली, जरा उभारी आली, तेव्हा मंडळीत साक्ष द्यायची वेळ ठरली होती. प्रभूनं मला उचललं, असं सांगायचं होतं आणि त्या साक्षीत गोळ्या अडचणीच्या होत्या. म्हणून मी त्या एकदम बंद केल्या. साक्ष उत्तम झाली. ‘आमेन’ही जोरात झालं. आणि थोड्याच दिवसांत मी आधीपेक्षा खोल गेलो. त्या दिवसांत जे विचार मनात आले ते बायकोलाही पुष्कळ उशिरा सांगितले. डॉक्टरांनी चांगलंच फैलावर घेतलं. या गोळ्या अशा आपल्या मनानं सोडायच्या नसतात, कमी करायच्या तर त्यांना विचारून, हळूहळू. माझ्या सगळ्या चुकांत ही मी मुद्दाम उघडी करून लिहितोय, कारण ती जिवावर बेतू शकते आणि आमच्या मंडळ्यांत तिला विश्वास समजलं जातं.

पेटी एका पोराकडे दिली आणि मीही मागच्या बाकावर गेलो. तिथं वेळच वेळ होता. फिलिप्पैकरांस पत्र इतकी वर्षं वचनं तोडून वापरलं होतं, ते एका बैठकीत वाचलं. चार अध्याय, अर्धा तासही लागत नाही. पौल कैदेत आहे, हे मी नेहमीच सांगायचो. पण त्याच पत्रात त्याचा सोबती एपफ्रदीत मरणाच्या दारातून परत आल्याची हकिकत आहे, आणि तो वाचला म्हणून माझ्यावर दुःखावर दुःख आलं नाही, असं पौल सरळ लिहितो. म्हणजे आनंदाची आज्ञा देणारा माणूस एक दुःख आधीच बाळगून होता आणि दुसऱ्याला भीत होता. तिसऱ्या अध्यायात तो रडत लिहितोय. आणि माझं ते लाडकं वचन येतं त्याच्या जरा आधी युवदीया आणि सुंतुखे यांना भांडण मिटवायची विनवणी आहे, शिवाय दुसऱ्या एकाला सांगितलंय की या बायकांना मदत कर. पत्र आख्ख्या मंडळीला आहे. मी त्यातली एक ओळ कापून एकट्या बाईच्या हातात ठेवली होती.

फिलिप्पैच्या तुरुंगाची गोष्टही मी कितीदा सांगितली असेल! फटके खाल्लेले, पाय खोड्यात अडकलेले पौल आणि सीला मध्यरात्री गातात. बघा, असा विश्वास हवा. प्रेषितांच्या कृत्यांचा सोळावा अध्याय पुन्हा वाचला. तिथं गाणं आहे, प्रार्थना आहे, पण आनंदाचा उल्लेख नाही. तो नंतर येतो. भूकंप होतो, जीव द्यायला निघालेला तुरुंगाधिकारी थांबतो, त्या रात्रीच यांच्या जखमा धुतो, घरी नेऊन जेवायला वाढतो, आणि तिथं, त्या घरात, आनंद झाल्याचं लिहिलं आहे. मी इतकी वर्षं लोकांना गाणं मागत फिरलो. कुणाची जखम धुतली नाही.

त्याहून वर्मी लागलं ते 137वं स्तोत्र. बाबेलला कैद करून नेलेले लोक नदीकाठी बसून रडताहेत, वाद्यं झाडांवर टांगून ठेवली आहेत आणि त्यांना धरून नेणारेच म्हणताहेत, गा, तुमच्याकडची आनंदाची गाणी गा. त्या गोष्टीत मी कोण होतो ते सांगायला कुणा उपदेशकाची गरज पडली नाही. स्तोत्रसंहितेतली तिसऱ्या हिश्शाहून जास्त स्तोत्रं विलापाची आहेत; 88वं तर अंधारातच संपतं, शेवटी उजेड नाही. माझ्या गायनवर्गाच्या यादीत त्यांतलं एकही नव्हतं.

टिळकांच्या घरातही हे होतंच की. 1895 मध्ये नारायण वामनांनी बाप्तिस्मा घेतला, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षं त्यांच्यापासून दूर राहिल्या. हा वियोग, टिळकांचा संताप, घरातली ओढगस्त, सगळं लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’त लिहिलं आणि तरी ते पुस्तक वाचताना हसून पोट दुखतं. नवऱ्याच्या भक्तीचा त्यांना आदर होता, पण तिची गंमत केल्याशिवाय त्या राहत नाहीत. याच टिळकांच्या आश्रयानं नगरला राहिलेले बालकवी. आनंदाची त्यांची कविता मराठी मुलांना पाठ असते आणि उदास छटेची ‘औदुंबर’ही त्यांचीच. 1918 मध्ये ऐन तारुण्यात ते गेले. आम्ही मात्र त्या परंपरेतून निवडून निवडून उजळ तेवढंच घेतलं.

मला आनंद परत मिळाला तो कसल्याच साधनेनं नाही. एका रविवारी त्या पोरानं पेटीची पट्टी इतकी वर धरली की दुसऱ्या कडव्याला पुरुषांनी गाणं सोडून दिलं, बायका किंचाळायला लागल्या आणि पाळकसाहेब खोकल्याचं निमित्त करून खाली बसले. पूर्वीचा मी संतापलो असतो. मला हसू फुटलं, आवरेना. बायकांच्या बाजूला मागच्या बाकावर त्या ताईही पदर तोंडाला लावून हसत होत्या. पोरगा तसाच रेटत राहिला. त्या दिवशी मला काही सांभाळायचं नव्हतं. लोक गात होते आणि मी त्यांच्यात होतो.

मग बायकोला घेऊन ताईंच्या घरी गेलो. माफी मागितली. मला वाटलं होतं त्या म्हणतील, जाऊ द्या दादा. तसं म्हणाल्या नाहीत. “वचनाचं मला काही वाटलं नाही,” त्या म्हणाल्या, “ते मला पाठच होतं. पण त्यानंतर तुम्ही माझ्या पोराचं नाव एकदाही काढलं नाहीत. तुमच्या संडे स्कूलला होता तो.” आम्ही त्याच्याबद्दल बोलत बसलो. नाताळच्या नाटकात त्याला मेंढपाळ केलं होतं आणि तो स्टेजवर झोपला होता, हे मी विसरलो होतो. त्यांना सगळं आठवत होतं. गायनवर्गात त्या अजून परतलेल्या नाहीत. मी विचारलेलंही नाही.

आता उत्तम शुक्रवारखेरीज इतर वेळीही एखादं विलापाचं पद आम्ही घेतो. काही जुन्या मंडळींना ते आवडत नाही. मंडळीचे एक पंच म्हणाले, भक्तीला येऊन माणसानं उदास होऊन जायचं का? त्यांना माझ्याकडे पटेल असं उत्तर नाही. गोळ्यांचा डोस डॉक्टरांनी कमी केलाय, पण चालू आहे, आणि डबी आता जेवणाच्या टेबलावर असते. दुःखाच्या घरी गेल्यावर जीभ मात्र अजून वळवळते. वचन ओठांवर येतं, बायको कोपरानं ढोसते. हल्ली तिनं त्यावरही तोड काढली आहे: अशा घरी पोहोचलो की मला थेट स्वयंपाकघरात चहाला जुंपते. वीस-पंचवीस माणसांचा चहा करायचा म्हणजे बोलायला फुरसत राहत नाही. गेल्या वेळी साखर जास्त पडली, आणि ज्यांच्या घरचं माणूस गेलं होतं त्यांनीच ते मला सांगितलं.