दोन जाड की चार बारीक?

वार्धक्यात माणूस जे जे गमावतो, त्यात दातांची गणना आपण फारशा गांभीर्याने करीत नाही. मोतीबिंदूसाठी मुले वेळीच धावपळ करतात, गुडघ्यासाठी प्रसंगी कर्जही काढतात. खालची कवळी हलते, ही मात्र थट्टेची बाब ठरते. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी आजारी व वृद्ध मंडळींना ख्रिस्तप्रसाद देण्यासाठी आम्ही घरोघर जातो, तेव्हा अनेक घरांत एकच दृश्य दिसते : वरची कवळी तोंडात आणि खालची खिडकीतल्या पाण्याच्या वाटीत. विचारले तर उत्तर ठरलेले, "फादर, ती बसतच नाही." मग भाकरी दुधात कुस्करली जाते, सुके बोंबील वर्ज्य होतात आणि चारचौघांत कवळी निसटेल या धास्तीने लग्नाच्या पंगतीला जाणेही हळूहळू थांबते.

वरची टिकते, कारण तिला सबंध टाळूचा आधार मिळतो व लाळेच्या पातळ थराने ती चिकटून राहते. खालची पडली घोड्याच्या नालाच्या आकाराची; तिच्या मधोमध जीभ अखंड हालत असते. त्यात दात गेल्यावर जबड्याचे हाड वर्षानुवर्षे झिजतच राहते. १९७२ साली प्रसिद्ध झालेल्या, २५ वर्षे चाललेल्या एका निरीक्षणात खालचे हाड वरच्यापेक्षा सुमारे चौपट झिजल्याचे आढळले होते. नवी कवळी करून पुन्हा नवी करणाऱ्यांची निराशा यातून समजावी.

यावरचा उपाय म्हणजे इम्प्लांट, हाडात बसविलेला टायटॅनियमचा स्क्रू. स्वीडनचे ब्रोनेमार्क यांना १९५२ साली सशाच्या हाडात बसविलेले टायटॅनियमचे उपकरण काढता येईना; हाड त्याच्याशी एकजीव झाले होते. १९६५ साली त्यांनी पहिल्या रुग्णाच्या खालच्या जबड्यात असे स्क्रू बसविले व त्या गृहस्थांनी ते चाळीस वर्षे वापरले. पुढे २००२ साली मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी असे मत दिले की, दात नसलेल्या खालच्या जबड्यासाठी दोन इम्प्लांटवर टेकलेली कवळी हाच पहिला पर्याय मानावा. हे दोन स्क्रू साधारणपणे सुळ्यांच्या जागी बसतात. माथ्यावर गोटी, कवळीच्या पोटात रबरी कडी. पोलक्याच्या टिचबटणासारखी ती चटकन बसते आणि निघते.

आता प्रश्न येतो मापाचा, आणि घराघरांतून गोंधळ होतो तो इथेच. नेहमीचा इम्प्लांट साधारण ४ मिलिमीटर व्यासाचा असतो. मिनी म्हणून ओळखला जाणारा बारीक इम्प्लांट ३ मिलिमीटरहून कमी, बहुधा १.८ ते २.४ मिलिमीटरचा. स्क्रूच्या दोन्ही अंगांस निदान एकेक मिलिमीटर हाड उरावे लागते. म्हणजे जाड स्क्रूला सुमारे ६ मिलिमीटर रुंदीचे हाड हवे. पुष्कळ वृद्धांचे हाड झिजून सुरीच्या पात्यासारखे निमुळते झालेले असते. तेथे जाड स्क्रूचा आग्रह धरला, तर आधी हाडाची भर घालण्याची शस्त्रक्रिया आली. बारीक स्क्रू पुष्कळदा हिरडी न चिरता बसतो, आणि घट्ट बसला तर त्याच दिवशी कवळी चढविता येते. जाडाला बहुधा काही महिने थांबावे लागते. मोठी शस्त्रक्रिया न पेलणाऱ्या माणसाला हा फरक लहान नव्हे.

मात्र बारीकपणाची किंमत मोजावी लागते. दांडी अर्ध्या जाडीची केली की वाकण्याविरुद्धचे तिचे बळ निम्मे होत नाही, एक अष्टमांश उरते. म्हणूनच बारीक असतील तर सहसा चार घालतात. मांडवाला दोन जाड मेढी न मिळाल्यास चार बारीक रोवाव्यात, तसे. शिवाय मिनीची गोटी बहुधा स्क्रूचाच भाग असते. ती झिजली तर बदलता येत नाही. जाड इम्प्लांटचा माथा उलगडून नवा बसविता येतो.

आमचे मत विचाराल तर हाड पुरेसे रुंद असताना केवळ स्वस्त म्हणून बारीक निवडू नयेत. दीर्घ वर्षांचा अनुभव जाडांच्या पाठीशी अधिक आहे. पण हाड अरुंद असता, "बारीक म्हणजे कमअस्सल" असे म्हणून वृद्धाला कवळीविना ठेवणे हाही अन्यायच. हाडाची रुंदी बोटाने चाचपून कळत नाही; सीबीसीटी हे त्रिमितीय क्ष-किरण चित्र काढून घ्यावे आणि त्यावरचा मिलिमीटरचा आकडा दंतवैद्याला विचारावा. हा आकडा न सांगता आधी दर सांगणाऱ्याकडे आम्ही तरी पुन्हा जाणार नाही.

"या वयात कशाला एवढा खर्च?" हा प्रश्न तर आईवडिलांच्या देखत विचारला जातो. केवळ वय आड येत नाही. आटोक्यात नसलेला मधुमेह, धूम्रपान, हाडांच्या विकारावरची काही औषधे यांचा विचार अधिक करावा लागतो. आणखी एक गोष्ट मुलांच्या लक्षात येत नाही, ती म्हणजे हात. कवळी रात्री काढावी लागते, गोट्यांभोवती रोज ब्रश फिरवावा लागतो, रबरी कड्या सैल झाल्या की बदलाव्या लागतात. संधिवाताने बोटे वाकलेल्या आमच्या एका आजींनी दंतवैद्यांना एकच प्रश्न केला : "बसेल ती घट्ट, पण मला एकटीला निघेल ना?" त्यांनी मऊ कड्या घातल्या आणि दवाखान्यातच, आरशासमोर, आजींकडून ती चार वेळा काढवून घेतली.