किती रिश्टरचा?

कोयनेचा भूकंप झाला तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. 1967 सालच्या डिसेंबरची 11 तारीख, पहाटेचे चार वाजून गेलेले. आबा बैलांना वैरण टाकायला गोठ्यात गेले होते, आई आणि मी सोप्यात. आजी माजघरात भिंतीला पाठ लावून निजायची. दगडामातीची जाड भिंत, थंडीत ऊब धरते म्हणायची. तीच भिंत तिच्या अंगावर आली.

पाटण तालुक्यातल्या आमच्या गावात पुढे महिनाभर एकच बोलणे, किती रिश्टरचा? एका पेपरात साडेसहा, दुसऱ्यात सात. आबा चिडायचे. "वाण्याचा काटाबी एवढा फरक दावत न्हाई. माझी आय गेली, ती कितीच्या धक्क्यानं त्ये तरी नीट सांगा." आकडे लपवतात, असे त्यांनी मनाशी पक्के केले.

मग 1993 च्या 30 सप्टेंबरला किल्लारी झाली. त्या भूकंपाची मोजणी 6.2 च्या आसपास. आबा रेडिओजवळ बसून होते. म्हणाले, "आपल्यापेक्षा धाकटा हाय ह्यो. मग माणसं हजारांनी कशी गेली रं?" मला उत्तर देता येईना. म्हणून ओळखीने एका भूकंप नोंदणी केंद्रात गेलो.

आत एक रूळ संथ फिरत होता, त्यावर कागद, कागदावर काटा रेघ ओढत होता. तिथल्या गृहस्थांनी समजावले. यंत्रात एक वजन टांगलेले असते. जमीन हलते, पण वजन जागेवर राहू पाहते. दोघांतला तो फरक हजारो पटींनी वाढवून कागदावर उमटतो.

भूकंपाची पहिली लाट वेगाने येते, दुसरी मागून रेंगाळत. वीज चमकल्यावर गडगडाट किती वेळाने आला यावरून आपण वीज कुठे पडली ते ताडतो ना, तसेच. दोन लाटांत एका सेकंदाचे अंतर म्हणजे भूकंप साधारण 8 कि.मी. लांब. असे तीन केंद्रांवरून मोजले, तीन वर्तुळे काढली, की ती जिथे मिळतात ती जागा भूकंपाची.

मग मोठेपणा. अमेरिकेत कॅलिफोर्नियात चार्ल्स रिश्टर यांनी 1935 साली माप ठरवले. 100 कि.मी.वरच्या एका ठराविक यंत्राचा काटा 1 मि.मी. हलला तर तो भूकंप 3 चा. 10 मि.मी. हलला तर 4 चा, 100 मि.मी. हलला तर 5 चा. केंद्र जवळ किंवा लांब असेल तर तेवढा हिशेब करून आकडा दुरुस्त करायचा. म्हणजे एक अंक वाढला की रेघ दहापट, आणि आतून सुटलेली शक्ती सुमारे 32 पट. आपल्याला सहा आणि सात शेजारी वाटतात, पण तसे ते नाहीत.

"मग पेपरात दोन आकडे का?" मी विचारलेच. ते हसले. मोठ्या धक्क्यात जवळच्या यंत्राचा काटा कागदाबाहेर जातो, म्हणून लांबच्या केंद्रांची वाट बघावी लागते. प्रत्येक केंद्राखालचा खडक वेगळा, लाट कोणती मोजली तेही वेगळे. पुष्कळ केंद्रांची सरासरी काढली तरी थोडा फरक उरतोच. लपवाछपवी नव्हे ती.

पुढे 2001 साली भूजच्या वेळीही तेच झाले. आपल्याकडे आधी 6.9 सांगितला, परदेशी केंद्रांनी 7.7. रिश्टरचे जुने माप फार मोठ्या भूकंपाला अपुरे पडते. म्हणून आता खडक किती लांबरुंद फाटला, किती सरकला आणि किती कठीण होता, यावरून आकडा काढतात. ती रीत 1979 सालची. नाव मात्र लोकांच्या तोंडी अजून रिश्टरचेच.

घरी येऊन आबांना सांगितले, "आबा, विहिरीतनं मोटारीनं किती पाणी उपसलं, तो आकडा एकच. पण आपल्या वाफ्यात किती आलं, ते विहीर किती लांब, पाट कसा, रान कसं, ह्यावर. रिश्टर म्हंजे उपसा. वाफ्यातलं पाणी म्हंजे गावाला बसलेला धक्का. त्याचं माप निराळं, आणि ते गावागणिक बदलतं."

"आन् किल्लारी?"

"धक्का जमिनीत फार खोल नव्हता. माणसं पहाटेच्या झोपेत. वर मातीची जड माळवदं, खाली दगडामातीच्या रुंद भिंती."

आबा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हंजी आकड्यानं न्हाई गेली माझी आय."

त्या रात्री त्यांनी आपले अंथरूण भिंतीजवळून उचलले आणि मधल्या लाकडी खांबाशी टाकले. आईने विचारले तर म्हणाले, "भितीकडनं वारं लागतंय."