हीर, दोरा आणि हिरडी

इन्सुलीच्या आमच्या घरी दातकोरणं कधी विकत आणावं लागलं नाही. केरसुणीसाठी चुडतं सोलून हीर काढले की त्यातला एखादा बारीक, लवचीक हीर पडवीच्या वाशात खोचलेला असायचा. बांगड्याचा काटा, खोबऱ्याचा चोथा, रायवळ आंब्याची शीर यांच्यासाठी तो पुरे. "पिनेन कोरू नको, हीर घे," असं आजी सांगायची. ती स्वतः मशेरी लावायची.

तिचा एकही दात किडलेला नव्हता. तरी ते एकेक करून हलले आणि अख्खेच्या अख्खे हातात आले. वय झालं की दात जायचेच, असं सगळ्यांनी धरलं होतं. हिरडीतून रक्त आलं की "उष्णता झाली" म्हणून ती सोलकढी प्यायची. मला आज वाईट वाटतं ते याचंच. न किडलेले दात हलतात ते बहुधा त्यांच्याभोवतीचं हाड झिजल्यामुळे, आणि त्या झिजेची पहिली खूण म्हणजे ते रक्त. सुश्रुतसंहितेत शीताद नावाचा हिरडीचा रोग सांगितला आहे: रक्त येतं, वास येतो, हिरडी मऊ पडते. इतकी जुनी ओळख असूनही आमच्या पडवीत ते रक्त उष्णतेच्या खात्यावर जमा होत राहिलं.

दोऱ्याशी माझी गाठ पडली बांबोळीला. आमच्याकडची माणसं मोठ्या दुखण्याला गोव्यातच जातात, आणि दातांचं कॉलेजही तिथेच आहे. तिथल्या एका तरुण डॉक्टरांनी माझ्या दाढांमध्ये दोरा घातला. तिथे काही अडकलेलं नव्हतं, जिभेलाही काही लागत नव्हतं. दोरा बाहेर आला तो मात्र पांढुरक्या, चिकट थरासकट. जंतूंचा तो थर. हीर काढतो तो अडकलेला घास, जो आपल्याला टोचतो. हिरडीला सुजवतो तो हा न टोचणारा थर. ब्रशचे केस दोन दातांच्या मध्ये पोचत नाहीत, म्हणून तो तिथेच राहतो, पुढे घट्ट होऊन त्याचं कीटण बनतं, आणि मग दोराही त्याला हलवू शकत नाही.

डेन्मार्कमधल्या ऑर्‌हुस इथे हाराल्ड ल्यो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1965 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. हिरड्या निरोगी असलेल्या 12 जणांनी दात घासणं पूर्ण थांबवलं. 10 ते 21 दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. सफाई पुन्हा सुरू झाली तशा त्या बऱ्याही झाल्या. मला या प्रयोगातला परतीचा भाग फार मोलाचा वाटतो. सूज हिरडीपुरती असेतो सगळं भरून येतं. हाड गेलं की ते आपोआप परत येत नाही.

दोऱ्याबद्दल शंकाही घेतल्या गेल्या. 2016 मध्ये अमेरिकेच्या आहारविषयक सरकारी सूचनांतून त्याचा उल्लेख गळला, तेव्हा बराच गाजावाजा झाला. 2019 च्या कॉक्रेन आढाव्यात ब्रशच्या जोडीला दोरा किंवा फटीतला छोटा ब्रश वापरल्यास हिरड्यांची सूज कमी होऊ शकते असं निघालं, पण पुरावा भक्कम नसल्याचंही त्यात स्पष्ट म्हटलं आहे. मला तेवढा पुरतो. फटी रुंद असतील तर छोटा ब्रश अधिक सोयीचा. दोरा मात्र करवतीसारखा ओढायचा नाही. दाताला बिलगून, हिरडीच्या काठाखाली अलगद उतरवून वर घ्यायचा.

आईला मधुमेह आहे. साखर वाढली की हिरड्या बिघडतात आणि बिघडलेल्या हिरड्या साखर आवरू देत नाहीत, म्हणून तिच्यासाठी छोटे ब्रश मी सावंतवाडीहून आणते. सुरुवातीला रक्त आलं तेव्हा ती घाबरली होती. पंधरवड्यात ते थांबलं. थांबलं नसतं तर डॉक्टर गाठायचेच होते. आता शेजारणी तिच्याकडे विचारायला येतात आणि ती त्यांना बजावते, "रगत इला म्हणान सोडू नको."