आमच्या मतदारसंघातले वराडकर

आयर्लंडमध्ये मी पहिलं मत दिलं ते २००९ च्या स्थानिक निवडणुकीत, हातात भारताचा पासपोर्ट असताना. इथल्या काउंटी कौन्सिलसाठी मत द्यायला नागरिकत्व लागत नाही. इथे राहत असलं की पुरतं, आणि निवडणुकीला उभंही राहता येतं. रुग्णालयात माझ्याबरोबर काम करणाऱ्या केरळच्या नर्सेसनी मला मतदार यादीचा अर्ज भरायला लावला. मतदान केंद्र म्हणजे जवळची प्राथमिक शाळा. मतपत्रिकेवर उमेदवारांच्या नावांपुढे आपल्या पसंतीप्रमाणे १, २, ३ असे आकडे घालायचे. मी तीन आकडे घातले आणि त्या दिवशी या गावाशी माझं काही नातं जुळलं असं मला वाटलं.

आम्ही राहतो ब्लँचर्डस्टाउनला, डब्लिन वेस्ट मतदारसंघात. आमचे खासदार होते लिओ वराडकर. मी कुडाळची, त्यामुळे पोस्टरवरचं आडनाव पहिल्यांदा वाचलं तेव्हा रस्त्यात थांबलेच. त्यांचे वडील डॉक्टर, मुंबईत जन्मलेले, घराणं मालवण तालुक्यातल्या वराड गावचं. आई आयरिश, माझ्यासारखीच नर्स. लिओ मात्र जन्माने आणि वाढीने डब्लिनकर. वैद्यकीय शिक्षण घेत असतानाच १९९९ मध्ये ते स्थानिक निवडणुकीला उभे राहिले आणि पडले. २००४ मध्ये त्याच पातळीवर पहिल्या पसंतीची देशातली सर्वाधिक मतं घेऊन निवडून आले. २००७ मध्ये खासदार झाले. आमच्या भागात लोक त्यांच्याविषयी बोलायचे ते बस, कर, दवाखान्यातल्या रांगा यांवरून. शेजारच्या एका आजींना त्यांचा पक्ष अजिबात आवडत नसे आणि त्या ते सगळ्यांना सांगत. आडनावाबद्दल त्यांनी कधी चकार शब्द काढला नाही.

जानेवारी २०१५ मध्ये, आपल्या छत्तिसाव्या वाढदिवशी, आरोग्यमंत्री असलेल्या वराडकरांनी रेडिओवर सांगितलं की मी समलिंगी आहे. याच देशात १९९३ पर्यंत पुरुषांमधले समलिंगी संबंध गुन्हा होते. दुसऱ्या दिवशी वॉर्डात थोडी चर्चा झाली, पण कामाचा गाडा नेहमीसारखाच चालू राहिला. मे महिन्यात समलिंगी विवाहावर सार्वमत झालं. तोवर मला नागरिकत्व मिळालं होतं, मी ‘हो’ म्हणून मत दिलं. देशातल्या सुमारे ६२ टक्के मतदारांनी तेच केलं. त्या लोकांमुळे पुढचं सगळं शक्य झालं, असं मी मानते.

१४ जून २०१७ ला वराडकर पंतप्रधान झाले. पंतप्रधान संसद निवडते, आणि त्याआधी पक्षाच्या नेतेपदाची लढत झाली होती. त्यात पक्षाच्या खासदारांनी त्यांना भरभरून मतं दिली आणि ते जिंकले. सामान्य सदस्यांचा कौल मात्र त्यांचे प्रतिस्पर्धी सायमन कोव्हनी यांच्याकडे होता. मला हे महत्त्वाचं वाटतं. त्यांच्या विरोधात मत देणाऱ्यांनाही कारणं होती आणि ती धोरणांची होती. वर्ण आणि लैंगिकता बाजूला ठेवून कुणाच्या विरोधात मतही देता येतं, हे मी तिथे पाहिलं.

आमच्या मराठी मंडळींच्या फोनवर त्या दिवशी अभिनंदनाचा पूर आला. ‘मालवणी माणूस आयर्लंडचा पंतप्रधान’, ‘मराठी पाऊल पडते पुढे’. वराड गावचे फोटो, देवळाचे फोटो. त्यांच्या जोडीदाराचा उल्लेख एकाही संदेशात नव्हता. मी तो केला, तर कुणी उत्तर दिलं नाही. माणूस आपला, पण त्यातला आपल्याला सोयीचा तेवढाच अर्धा आपला! मला राग आला आणि तो अजून गेलेला नाही. त्या दिवशी भारतात कलम ३७७ लागू होतं. ज्या नात्याविषयी हा माणूस डब्लिनमध्ये उघडपणे बोलत होता, ते नातं त्याच्या वडिलांच्या देशात गुन्हा ठरत होतं. सर्वोच्च न्यायालयाने ती तरतूद प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरती रद्द केली ती सप्टेंबर २०१८ मध्ये.

आईचा कुडाळहून फोन आला. “वराडचो झील थयलो पंतप्रधान झालो म्हणतत, खरां गो? तेचां लगीन झालां?” मी तिला खरं ते सगळं सांगितलं. तिने विचारलं, “आवशी-बापाशीक म्हायत आसा?” म्हटलं, आई, सगळ्या देशाला माहीत आहे, त्यांनी रेडिओवर सांगितलंय. “मगे बरां,” म्हणाली आणि माझ्या रात्रपाळीची चौकशी करू लागली. आमच्या शिकलेल्या मंडळींपेक्षा तिला ते सोपं गेलं.

डिसेंबर २०१९ मध्ये वराडकर कुटुंबासह वराडला जाऊन आले. २०२० मध्ये त्यांचं पद गेलं, २०२२ मध्ये परत आलं, आणि २०२४ मध्ये त्यांनी ते स्वतःहून सोडलं. त्यांची सगळी धोरणं मला पटली असं नाही. घरांच्या टंचाईत आम्हीही पोळलो.

आणि सगळे अडथळे दूर झाले, असंही मी म्हणणार नाही. २०२५ च्या उन्हाळ्यात डब्लिनमध्ये भारतीयांवर हल्ले झाले, टाला भागात एका माणसाला जबर मारहाण झाली, आणि भारतीय दूतावासाला सावधगिरीची सूचना काढावी लागली. रात्रपाळीहून परतताना मी बसथांब्यावर एकटी उभी राहणं टाळू लागले. याच टाला भागातून निवडून येणारे केरळचे बेबी पेरेप्पाडन २०२४ मध्ये साउथ डब्लिन काउंटीचे महापौर झाले होते. वर एक माणूस पोहोचला म्हणजे खाली रस्ता सुरक्षित झाला असं होत नाही. पण रस्त्यावरचे दिवे, तरुणांची केंद्रं, वस्तीतल्या बैठका यांचे निर्णय जिथे होतात तिथे आपलं माणूस असलं, तर निदान आपली तक्रार सभागृहात मांडली जाते. केरळची मंडळी हे आपल्या आधी शिकली. ती उभी राहतात, पडतात, पुन्हा उभी राहतात.

इथे राहणाऱ्या मराठी माणसांना म्हणून माझी विनंती आहे. पुढची स्थानिक निवडणूक २०२९ मध्ये आहे. नागरिकत्वाची वाट पाहू नका, मतदार यादीत नाव घाला. आणि जमलं तर अर्ज भरून उभे राहा.