वाळूतली मेथी

खारदांड्यासारख्या समुद्राला खेटून असलेल्या गावात भाजीचा मळा करायचा, असे कोणी म्हटले तर ऐकणारा हसेल. हा गाव मासळीचा. बोंबील वाळत घातलेल्या वलांड्यांवरून येणारा वारा घरातल्या लोखंडाला वर्षभरात गंज चढवतो, आणि खार तर गावाच्या नावातच आहे. तरीही आमच्या गच्चीवर आज भेंडी आहे, अळू आहे, जुन्या जाळ्याच्या मांडवावर चढलेला वाल आहे. हे कसे घडले ते आनंदाने सांगण्यासारखे आहे. त्यातला काही भाग सांगताना संकोच वाटतो. परंतु एक सांगून दुसरे लपवावे असे मनाला पटत नाही.

आम्हां दोघांत एक दांड्याचे, दुसरे वसईचे. वसईकडची आई गेली काही वर्षे आमच्याकडे आहे. ती एकाची आई आणि दुसऱ्याची सासू, परंतु घरात दोघेही तिला आईच म्हणतो. तिचे सारे आयुष्य निर्मळजवळच्या वाडीत गेले. केळी, पानवेली, आणि आळ्याआळ्यांतून भाजी. भल्या पहाटेच्या गाडीने टोपल्या मुंबईला जायच्या. बांद्रा-दादरच्या बाजारात वसईची भाजी म्हणून तिला मान असे. पुढे विहिरीचे पाणी मचूळ झाले, मजूर मिळेनात, आणि मुलांपैकी कोणीही मातीत हात घालणारे उरले नाही. आबा २०१९ साली देवाघरी गेले. २०२१ साली वाडी विकली. कागदांवर सर्व भावंडांच्या सह्या झाल्या, आमचीही झाली. आईची सही शेवटची. तिने काही विचारले नाही, आणि आम्हीही तिला काही विचारले नाही.

मग ती दांड्याला आली. मिस्सेला जाई, जपमाळ म्हणे, नातवंडांचे लाड करी. परंतु बाजारातून आणलेली भाजी निवडायला बसली की तिचे हात मंदावत. एकदा मेथीची जुडी हातात धरून ती बराच वेळ नुसती बसून राहिली. ते पाहिल्यावर आम्ही ठरवले की गच्चीवर काहीतरी पिकवायचे. प्रेम होते तसा अपराधाचा सलही होता. दोहोंचे प्रमाण किती, हे देव जाणे.

२०२३ सालच्या ऑक्टोबरात आम्ही कामाला लागलो, आणि सुशिक्षित माणसे करतात तसे प्रथम वाचायला बसलो. कोल्हापूरचे गणिताचे प्राध्यापक श्री. अ. दाभोळकर यांनी 'प्रयोग परिवार' उभारून शेतकऱ्यांना स्वतःच प्रयोग करायला शिकवले. पालापाचोळा आणि सूर्यप्रकाश हेच खरे भांडवल, ही त्यांची शिकवण. मुंबईत डॉ. रमेश दोशी यांनी उसाची चिपाडे आणि स्वयंपाकघरातला ओला कचरा भरून गच्चीवर भाज्या व फळझाडे वाढवली. त्यांच्यापासून स्फूर्ती घेऊन २००२ साली तेव्हाच्या मुंबई पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहाच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी बाग उभी केली. तिथे रोज निघणारा कचरा हेच तिचे खत. हे वाचून आमचा धीर वाढला. माती कमी आणि पाला जास्त, म्हणजे गच्चीवर भारही कमी, हे गणित आमच्या जुन्या घराला मानवणारे होते.

पेट्यांचा प्रश्न दांड्याने सोडवला. बर्फातली मासळी ज्या थर्माकोलच्या पेट्यांतून येते त्या इथे गल्लोगल्ली पडलेल्या असतात. दहा-बारा आणल्या, धुतल्या, तळाला भोके पाडली, विटांवर उचलून ठेवल्या म्हणजे पाणी खाली साचून गच्ची गळणार नाही. उसाच्या रसाच्या गाड्यावरून चिपाडे आणली. गाडीवाल्याने आधी संशयाने पाहिले, मग म्हणाला, रोज न्या. पाला, चिपाडे, भाजीची देठे, अंड्यांची टरफले असे थर रचले. शेजारच्या कोळीण मावशींनी कोळंबीची साले आणि मासळीची आतडी दिली, तीही खोल पुरली. त्या रात्री दांड्यातली सारी मांजरे आमच्या गच्चीवर जमली आणि सकाळी पाहतो तर निम्म्या पेट्या उपसलेल्या. तेव्हापासून प्रत्येक पेटीवर जाळ्याचा तुकडा ताणून बांधलेला असतो.

ही चूक हसण्यावारी गेली, दुसरी गेली नाही. माती भुसभुशीत हवी म्हणून आम्ही किनाऱ्यावरून दोन पिशव्या वाळू आणून मातीत मिसळली. टोमॅटो आणि वांग्यांची रोपे आणून लावली. आठवड्याभरात पानांच्या कडा जळल्यासारख्या तपकिरी झाल्या, मग पाने वळली, मग रोपे आडवी झाली. आम्ही जास्त पाणी घातले, कमी घातले, सावली केली. एकही वाचले नाही. आई हे सारे दाराशी स्टुलावर बसून पाहत होती. शेवटी तिने बोट मातीत खुपसले, जिभेला लावले आणि थुंकली. मीठ! इतके सोपे होते. खारदांड्यात राहून आम्हांला खार कळला नव्हता.

दुसऱ्या दिवशी आम्ही कामावरून परतलो तो उरलेल्या वाळूची पिशवी रिकामी. आईने ती वाळू घमेल्यात घेऊन गोड्या पाण्याने चार वेळा धुतली होती, एका उथळ पेटीत चार बोटे पसरली होती, आणि घरातल्याच डब्यातले मेथीदाणे रात्रभर भिजवून दाट पेरले होते. मुंबईच्या बाजारात मुळांसकट बोटभर उंचीच्या चिमुकल्या जुड्या मिळतात, तिला समुद्रमेथी म्हणतात. ती अशीच वाळूत होते. किनाऱ्यालगतच्या वाळूवर गोडे पाणी शिंपून लोक पिढ्यान् पिढ्या ती काढत आले आहेत. आम्ही ती आयुष्यभर खाल्ली, परंतु कशी होते हे कधी विचारले नव्हते.

तिसऱ्या दिवशी दाणे फुटले. पाचव्या दिवशी पेटी हिरवी झाली. तो आठवडा आमच्या घरात विलक्षण गेला. मुले शाळेतून आली की दप्तर टाकून थेट गच्चीवर. आम्हीही चहाचा पेला घेऊन तिथेच. पाहण्यासारखे होते तरी काय? दोन पानांचे देठ, वाऱ्याने एका बाजूला कललेले. दहाव्या दिवशी आईने मुठीमुठीने उपटून, मुळांची वाळू झटकून, चार जुड्या बांधल्या. एक शेजारच्या मावशींना गेली. तिथून संध्याकाळी ताजे बोंबील आले. उरलेल्या तीन जुड्यांची भाजी शिजून एवढीशी झाली. प्रत्येकाच्या वाट्याला दोन घास आले असतील. कडवट, कोवळी, खाली किंचित वाळूची कचकच. जेवण्याआधीची प्रार्थना त्या दिवशी आईने म्हटली. एरवी ती मुलांकडून म्हणवून घेते.

तिथून पुढे बाग तिची झाली आणि आम्ही तिचे गडी. वाऱ्याने पानांवर बसणारे मीठ रोज सकाळी गोड्या पाण्याच्या तुषाराने धुवायचे, हे तिने लावून दिले. भेंडी एक दिवसाआड काढायची, नाहीतर जून होते आणि झाड नवी धरत नाही. दुधीची पांढरी फुले संध्याकाळी उमलतात. गावाकडे पाखरे आपले काम करून जात, इथे दिव्यांच्या झगझगाटात ती फिरकतातच असे नाही. म्हणून जपमाळ आटोपली की आई नर फूल खुडून मादी फुलाला हलकेच टेकवी. मादी फुलाच्या मागे इवलासा दुधी आधीच असतो, तो ओळखायला तिने मुलांना शिकवले. शाळेच्या पुस्तकातले परागीभवन मुलांना त्या गच्चीवर समजले.

पोप फ्रान्सिस यांच्या २०१५ सालच्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात एक गोष्ट आहे. असिसीचे संत फ्रान्सिस मठाच्या बागेचा थोडा भाग न लावता तसाच ठेवायला सांगत, म्हणजे तिथे रानफुले आपोआप उगवतील आणि पाहणाऱ्याचे मन त्यांच्या निर्मात्याकडे वळेल. आम्हांला ही कल्पना फार आवडली. एक पेटी आम्ही संत फ्रान्सिसच्या नावाने मोकळी सोडली. पावसात तिच्यात घोळ उगवली, माठ उगवला. निर्मात्याकडे मन वळवायला आम्ही गच्चीवर गेलो तर पेटी साफ, आणि रात्री ताटात घोळीची भाजी. आईचे म्हणणे असे की देवाने खाण्यासाठी दिलेले नुसते पाहत बसणे हा उद्धटपणा आहे. यावर काय बोलावे?

आता ते सांगायचे, ज्याचा सुरुवातीला उल्लेख केला. १७ जून २०२४, सोमवार. सकाळच्या मिस्सेला आम्ही आईसोबत गेलो होतो. पहिले वाचन राजांच्या पहिल्या पुस्तकातले, एकविसाव्या अध्यायातले होते. इज्रेल येथे नाबोथाचा द्राक्षमळा राजवाड्याला लागून होता आणि अहाब राजाला तो हवा होता. कशासाठी? हे आम्ही लहानपणापासून ऐकले असूनही कधी ध्यानात घेतले नव्हते: राजाला तिथे भाजीपाल्याची बाग करायची होती. बदल्यात दुसरा चांगला मळा किंवा रोख दाम द्यायला तो तयार होता. नाबोथ म्हणाला, वाडवडिलांचे वतन मी देणार नाही. त्याला दगडांनी ठेचून मारले.

वाचन संपले. आम्ही आईकडे पाहू शकलो नाही. आम्हांला कोणी धमकावले नव्हते, खोटे साक्षीदार उभे केले नव्हते. रोख दाम मिळाला आणि आम्ही सही केली. शिवाय भाजीची बागही आम्हीच केली! ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसईसाठी लोक रस्त्यावर उतरले, तेव्हा आबाही त्यांत होते. त्यांची वाडी आम्ही तीन दशकांनी एका सकाळी कचेरीत बसून दिली. भावंडांनी विकली नसती तर आम्ही एकटे काय करणार होतो, हा युक्तिवाद तयार असतो. पण त्या सकाळी तो सुचला नाही.

वाटेत कोणी बोलले नाही. घरी आल्यावर आईने आपली पेटी उघडली आणि तळातून एक काचेची बाटली काढली. आत राख, आणि राखेत वालाचे बी. वाडीतून निघताना शेवटच्या वेलावरचे तिने ठेवले होते. अकरा दाणे होते. तीन वर्षांचे बी, उगवेल की नाही कोण सांगणार. तिने एवढेच सांगितले की पाऊस लागला आहे, मोठी पेटी रिकामी करा.

अकरापैकी चार उगवले. गावातल्या एका नाखव्याने फाटके जाळे दिले, त्याचा मांडव केला. जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर, वेल नुसता पाल्याने माजला. मोंतीच्या सणाला आईने अर्पणासाठी दुधी आणि भेंड्या नेल्या. काईनाचे न स्वीकारलेले अर्पणही शेतमालाचेच होते, असे धाकट्याने शास्त्रपाठाच्या ज्ञानावर तिला सुनावले आणि पाठीत धपाटा खाल्ला. वालाला मात्र एकही फूल नव्हते. आम्ही खत घालायला निघालो तर तिने अडवले. दिवस लहान होऊ द्या, म्हणाली. हा वेल रात्रींची वाट पाहतो. नोव्हेंबर लागला आणि जांभळे तुरे आले, मग शेंगा.

पहिल्या शेंगा तिने कोणाला तोडू दिल्या नाहीत. नाताळ झाला, तीन राजांचा सण झाला, शेंगा वेलावरच वाळून खडखडल्या. मग तिने त्या सोलल्या, किडके बाजूला काढले, चांगले दाणे मोजले. चौसष्ट निघाले. राखेत घालून बाटली भरली आणि प्रथमच ती आपल्या पेटीत न ठेवता आमच्या हाती दिली. दर्याची ओल लागणार नाही अशा जागी ठेवा, म्हणाली. घरात तशी एकच जागा आहे, आतल्या खोलीतल्या कपाटाचा वरचा कप्पा. वाडीचे कागद तिथेच असतात. आईने स्टूल धरले, आम्ही चढून बाटली ठेवली.