दोन क्लचची गोष्ट

मी कॉन्व्हेंटची, त्यामुळे माझं मराठी अजून पहिल्या गिअरमध्येच आहे. ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून घ्या!

मागच्या दिवाळीत सासवडच्या मामाने सेकंडहँड ऑक्टाव्हिया आरएस घेतली. 2017 चं मॉडेल, दोन लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, 230 हॉर्सपॉवर. अंजिरांचे पैसे त्यात गेले म्हणून मामी धुसफुसत होती. मामा मात्र खुशीत. "अगं, तू मेकॅनिकलची ना? हिला क्लचचं पेडलच नाही. घाटात चढावर कशी धरायची?"

थर्ड इयरच्या मुलीने 'माहीत नाही' कसं म्हणायचं? मी ऐटीत सांगितलं, "मामा, ऑटोमॅटिकला क्लच नसतोच. ॲक्सिलरेटर हलका दाबून धरून ठेव."

मामाने ऐकलं. दिवे घाटात ट्रॅफिक तुंबलं. बराच वेळ तो तशीच गाडी धरून बसला, आणि गिअरबॉक्स तापल्याची वॉर्निंग आली. मामाचा चेहरा उतरला. मामी काहीच बोलली नाही, तेच जास्त लागलं.

हडपसरच्या गॅरेजमधल्या मिस्त्रींनी बिलाच्या पाठीवर चित्र काढलं. "ताई, पेडल नाही म्हणजे क्लच नाही असं नसतं. हिच्यात दोन आहेत. एकावर पहिला, तिसरा, पाचवा गिअर. दुसऱ्यावर दुसरा, चौथा, सहावा. गाडी तिसऱ्यात असतानाच चौथा लागून तयार असतो. एक क्लच सुटतो तोवर दुसरा धरतो, म्हणून झटका कळत नाही. पण चढावर ॲक्सिलरेटरने धरली की क्लच घासत राहतो. तेलात बुडलेला असला तरी तापणारच. ब्रेक दाबायचा. आणि साठ हजार किलोमीटरला तेल-फिल्टर बदललाय का, ते जुन्या मालकाच्या बिलात बघा."

माझ्या डोक्यात ऑटोमॅटिक म्हणजे फक्त टॉर्क कन्व्हर्टर. त्यात इंजिनाची ताकद तेलातून पुढे जाते. हा प्रकार वेगळा. फोक्सवॅगनने 2003 मध्येच तो गोल्फ आर32 मधून रस्त्यावर आणला होता, म्हणजे माझ्या जन्माच्याही आधी!

"काही बिघडलं का?" मामाने घाबरत विचारलं.

"गाडी ठणठणीत आहे. सल्ला चुकला होता," मिस्त्री म्हणाले.

परत येताना मी म्हटलं, "मामा, सॉरी. मला माहीत नव्हतं."

मामा हसला. "असू दे गं. मी चढावर ब्रेक दाबेन. तू माहीत नसेल तिथे दाबत जा."